‘रंगतज्ज्ञ’ कशाला? रंगारी म्हणा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत आपण सिनेमाचे रंग जुळवणाऱ्या एका तरुणाची मुलाखत अर्धं पान छापली. मुलाखत चांगली होती, मी ती दोनदा वाचली. पण त्या अर्ध्या पानात एकाच माणसाला तीन नावं पडली आहेत. मथळ्यात तो ‘रंगतज्ज्ञ’ आहे, मजकुरात ‘कलरिस्ट’ आहे आणि फोटोखालच्या ओळीत ‘रंगकर्मी’ आहे. त्याच अंकात जिल्ह्याच्या पानावर अगदी तळाला चार ओळींची बातमी होती, परांचीवरून पडून रंगारी जखमी झाल्याची. म्हणजे रंगारी हा शब्द आपल्या संपादकीय विभागाला ठाऊक आहे. तो एसीत बसणाऱ्याला लावायला हात धजला नाही, एवढंच. मला याच गोष्टीबद्दल लिहायचं आहे, आणि जरा सविस्तर लिहायचं आहे. हे पत्र लांबलं तरी कात्री बेताने लावावी ही विनंती.

मी इचलकरंजीचा. १९७८ साली एका प्रोसेस हाऊसमध्ये हेल्पर म्हणून लागलो आणि सदतीस वर्षांनी शेड मॅचिंग खात्यातून, म्हणजे नमुन्याशी रंग जुळवण्याच्या खात्यातून, निवृत्त झालो. सगळं आयुष्य सूत आणि कापड रंगवण्यात गेलं. आमच्या गावात १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला, त्यांच्या गिरणीचं नावच ‘व्यंकटेश रंगतंतू मिल’ असं होतं. माग आणि रंग इथे बरोबरच आले. त्यामुळे रंगारी या शब्दावर आमच्या गावाचा थोडा हक्क आहे असं मी समजतो.

आधी फोटोखालच्या ओळीबद्दल. ‘रंगकर्मी’ हा शब्द नाटकवाल्यांचा आहे. त्यातला रंग म्हणजे रंगमंच. रंगभूमी, रंगदेवता, रंगमंदिर यांत जो रंग आहे तोच. आमच्या शेजारच्या सांगलीत विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ केलं, तिथून पुढची सगळी मंडळी रंगकर्मी. त्या शब्दाला वजन आहे आणि तो त्यांच्याकडेच राहू द्यावा. रंग जुळवणाऱ्याला रंगकर्मी म्हटलं की वाचणारा त्याला नट समजतो. माझ्या शेजाऱ्यांनी फोटो बघून मला विचारलंच, “हा कुठल्या नाटकात असतो?”

आता ‘रंगतज्ज्ञ’. हा शब्द चूक नाही, पण तो कामाचा शब्द नाही. तज्ज्ञ म्हणजे जाणणारा. तो सल्ला देतो, समितीवर बसतो, परिसंवादात बोलतो. त्याच्या हाताला काही लागलेलं असतं असं त्या शब्दातून कळत नाही. सोन्याची पारख असणाऱ्या आणि दागिना घडवणाऱ्या माणसाला आपण सुवर्णतज्ज्ञ म्हणत नाही, सोनार म्हणतो. आणि सोनार म्हणताना त्याची पारख वगळलेली नसते.

रंगारी शब्दाची घडण त्याच कुळीची आहे. सुवर्णकाराचा सोनार झाला, लोहकाराचा लोहार, कुंभकाराचा कुंभार, कांस्यकाराचा कासार. रंग ‘करणारा’ तो रंगारी. हिंदीतला रंगरेज फारसीतून आला, त्यातल्या ‘रेज’चा अर्थ ओतणं असा आहे. मराठीने मात्र ‘करणं’ धरलं, ओतणं किंवा फासणं धरलं नाही. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण रंगखान्यात जे होतं ते करणंच असतं. डब्यात असतो तो रंग आणि सुतावर चढतो तो रंग या दोन वेगळ्या वस्तू आहेत. मधलं जे काही आहे ते रंगाऱ्याचं.

संस्कृतातही अमरकोशाने चित्रकाराला ‘रंगाजीव’ म्हटलं आहे, म्हणजे रंगावर जगणारा. आणि ज्या ‘रञ्ज्’ धातूपासून रंग आला त्याच धातूपासून ‘रजक’ आला. आज आपण रजक म्हणजे धोबी समजतो, पण मुळात त्या शब्दात रंगवणं आहे. धुणं आणि रंगवणं हे एकाच घाटावरचं काम होतं, आणि ज्यांनी रंगखाना पाहिला आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. आमच्या कामाचा निम्मा वेळ धुण्यातच जातो.

मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ ची. तीत रंगारी आहेच, पण निळीने रंगवणाऱ्याला वेगळा ‘निळारी’ही आहे. सोलापूर, नगर, पुणे भागांत निराळी नावाचा समाज आहे, तो मूळचा निळीचं काम करणारा. तांबड्या रंगाचं काम बहुतेक भावसारांकडे. म्हणजे रंगातला कुठला विभाग कोणाचा हे सांगणारे शब्दसुद्धा आपल्याकडे होते. आजही काष्ठौषधींच्या दुकानात जाऊन ‘रंगारी हिरडा’ मागितला तर मिळतो. कापड आधी त्या हिरड्याच्या पाण्यात भिजवायचं. मग तुरटी देऊन मंजिष्ठेत किंवा आल नावाच्या झाडाच्या मुळात उकळलं की तांबडं होतं, आणि हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, दिला की काळं. तेच कापड, तोच हिरडा, नुसता क्षार बदलला की रंग बदलतो. हे ज्यांना शाळा नसताना ठाऊक होतं त्यांचं नाव रंगारी होतं. पुण्याचे भाऊसाहेब रंगारी सार्वजनिक गणपतीमुळे सगळ्यांना माहीत आहेत. त्यांचं मूळ नाव भाऊ लक्ष्मण जावळे. घराण्याच्या रंगाच्या धंद्यावरून रंगारी हे नाव पडलं, आणि स्वतः वैद्य असूनही त्यांनी ते अभिमानाने लावलं. आज त्यांच्या नावाचं मंडळ आहे, वाडा आहे. तिथे कोणाला तो शब्द हलका वाटत नाही.

मग बिघडलं कुठे? शब्द हलका कधी झाला याचा माझ्या डोळ्यांसमोरचा पुरावा सांगतो.

माझी पुतणी पुण्यात एका सलूनमध्ये केस रंगवण्याचं काम करते. वर्षभराचा कोर्स केला, नंतर दोन वर्षं हाताखाली राहून शिकली. परवा दिवाळीला घरी आली तेव्हा मी तिला कामाचं खोदून खोदून विचारत होतो. तिने मला ट्यूबवरचा आकडा दाखवला, ५.३. म्हणाली, “काका, पॉइंटच्या आधीचा आकडा म्हणजे किती गडद, आणि नंतरचा म्हणजे झाक कसली. तीन म्हणजे सोनेरी.” मी ऐकतच राहिलो. आम्ही आयुष्यभर दोनच गोष्टी बोलत आलो, डेप्थ आणि टोन. लॉट, म्हणजे एका खेपेला रंगवलेला माल, बघायला माझे मास्तर आले की पहिला प्रश्न डेप्थ बसली का, दुसरा टोन कुठे झुकतोय. पोरगी पुण्यात बसून तेच बोलत होती. पुढे म्हणाली, काळे केस हलके करायला गेलं की खालून तांबूस-नारिंगी वर येतं, ते मारायला निळ्या झाकेचा रंग घ्यावा लागतो. आम्हीही तेच करतो. शेड लाल मारायला लागली की हिरवट बाजूचा रंग चिमूटभर टाकायचा. रंगात मिसळायचं तिचं डेव्हलपर वीस व्हॉल्यूमचं, म्हणजे सहा टक्के पेरॉक्साईड. नळीतून निघताना रंग पांढुरका असतो, केसात शिरल्यावर ऑक्सिजन मिळतो आणि मग तो खुलतो. कोणालाही पहिल्यांदा लावायचा तर आधी कानामागे ठिपका लावून ४८ तास वाट बघायची, अंगावर पुरळ येतं का ते पाहायला. हे ती इतक्या काळजीने सांगत होती की मला माझ्या मास्तरांची आठवण झाली. मी कौतुकाने म्हणालो, “म्हणजे आपल्या घरात दुसरी रंगारी झाली.”

वहिनी स्वयंपाकघरातून तशाच बाहेर आल्या. “भावजी, एवढा पैसा घालून पोरीला शिकवलंय, आणि तुम्ही तिला रंगारी म्हणताय? तिच्या स्थळाच्या पत्रिकेत आम्ही हेअर कलर स्पेशालिस्ट लिहिलंय.”

वहिनींचा राग मी समजू शकतो. त्यांच्या डोळ्यांपुढे रंगारी म्हणजे अंगावर चुन्याचे शिंतोडे उडालेला, शिडी घेऊन फिरणारा, दिवसाच्या मजुरीवरचा माणूस. त्या माणसाच्या कामाला आपण काडीची किंमत दिली नाही, म्हणून त्याचा शब्द आपल्या मुलीला लागलेला आपल्याला चालत नाही. त्यातून हा शब्द जातीचाही आहे, आडनावाचाही आहे, आणि जातीच्या शब्दांना आपल्याकडे काय भोगावं लागतं ते मी लिहायला नको. इंग्रजी शब्द आला की हे सगळं एका झटक्यात पुसल्यासारखं वाटतं. पण ज्याने घराची भिंत रंगवली त्याला ते पुसणं लाभत नाही. तो खालीच राहतो, आणि वरच्यांना वेगळं नाव मिळतं. आपल्या अंकात त्या दिवशी नेमकं हेच झालं.

विलायतेत काय आहे ते बघा. इंग्लंडात ब्रॅडफर्ड हे लोकरीच्या गिरण्यांचं गाव, आमच्या गावासारखंच. तिथे १८८४ साली ‘सोसायटी ऑफ डायर्स अँड कलरिस्ट्स’ निघाली. नावातच दोन्ही शब्द आहेत, आणि कापड बुडवणाऱ्याचा शब्द आधी आहे. याच संस्थेने १९२४ साली ‘कलर इंडेक्स’ काढला. जगातल्या प्रत्येक रंगद्रव्याला त्यात नाव आणि नंबर मिळाला. आम्ही रोज वापरायचो तो काळा म्हणजे सी. आय. रिअॅक्टिव्ह ब्लॅक ५. कुठल्याही कंपनीचा डबा असो, हे नाव बघितलं की आत काय आहे ते कळतं. असं मोठं काम ज्यांनी केलं त्यांना आपण ‘डायर’ आहोत हे लपवावंसं वाटलं नाही. कलरिस्ट हा शब्द तिथे चित्रकारालाही लावतात, ज्याची ताकद रेषेपेक्षा रंगात आहे अशा चित्रकाराला. कापडवाल्याला लावतात, केसवालीला लावतात, सिनेमावाल्याला लावतात, कॉमिक्समध्ये रंग भरणाऱ्याला लावतात. एक शब्द, आणि काम कुठलं ते संदर्भाने कळतं. शिवाय अलीकडे त्या शब्दाला आणखी एक अर्थ चिकटला आहे. कातडीच्या रंगावरून माणसात भेद करणाऱ्यालाही आता इंग्रजीत तेच म्हणतात, हे मला पुतणीनेच सांगितलं. तेव्हा इंग्रजी शब्द घेतला म्हणजे नेमकेपणा आला असं समजू नये. नेमकेपणा तिकडेही वापरणाऱ्यानेच आणला आहे.

आपल्या मुलाखतीतल्या एका वाक्यासाठी मी हे पत्र लिहायला बसलो. तो तरुण ज्या खोलीत काम करतो तिच्या भिंती करड्या आहेत, आणि पडद्यामागे जो दिवा आहे तो ६५०० केल्व्हिनचा. वाचून मी कागद खाली ठेवला. आमच्या प्रयोगशाळेत शेड बघायची पेटी असते. आतून करडी, वर दिवे, आणि त्यातला पहिला दिवा डी-६५, म्हणजे तोच ६५०० केल्व्हिनचा, दिवसाच्या उजेडासारखा. भिंती करड्या का? कारण शेजारी दुसरा रंग असला की डोळा फसतो. हिरव्या भिंतीपाशी धरलेला करडा धागा लालसर दिसतो. ज्याला त्याची खोली करडी का आहे हे कळतं त्याला माझी पेटीही कळेल. आमची कधी भेट झाली तर आम्ही तासभर बोलू, आणि त्याला मी काय करत होतो हे समजावून सांगावं लागणार नाही. मग आम्हा दोघांना मराठीत एकच नाव असायला काय हरकत आहे?

मूळच्या कोल्हापूरच्या प्रभातने १९३३ साली ‘सैरंध्री’ रंगीत करायचा प्रयत्न केला. प्रती छापायला जर्मनीला पाठवाव्या लागल्या, आणि रंग मनासारखे उतरले नाहीत. कॅमेरा होता, नट होते, शांतारामबापूंसारखे दिग्दर्शक होते. सिनेमाला रंगारीही लागतो हे आपल्याकडे त्याच वेळी कळायला हवं होतं.

माझे मास्तर सोलापूरचे, निराळी समाजातले. चौथी शिकलेले. त्यांच्या आजोबांची नखं कायम निळी असायची, जेवताना भाकरीवर निळं बोट दिसायचं, असं ते सांगत. त्यांनी मला पहिल्या आठवड्यात निळीचं पीप दाखवलं. सुताची लडी पिपातून वर काढली तेव्हा ती निळी नव्हतीच, पिवळसर हिरवी होती, कच्च्या लिंबाच्या सालीसारखी. मी म्हणालो, चढला नाही रंग. मास्तर म्हणाले, “बोलू नको, बघ.” त्यांनी लडी पिळून झटकली. हवा लागली तशी कडेने निळाई यायला लागली, आधी मोरपिशी, मग निळी, आणि काठीवर टाकेपर्यंत पूर्ण लडी निळी झाली. कोणीही तिला हात लावला नव्हता. मी त्या दिवशी ठरवलं की यातच राहायचं.

मास्तर रंग कसा बघायचे ते सांगतो. हौदातून सुताची चार धाग्यांची बट तोडायची, दोन बोटांत दाबून पाणी काढायचं, गरम पाइपवर वाळवायची. ओलं सूत गडद दिसतं, त्यामुळे ओल्यावर निकाल द्यायचा नाही. वाळल्यावरही लगेच नाही, गार होऊ द्यायची, कारण गरम सुताचा रंगही खोटा असतो. मग नमुन्याशेजारी धरून उत्तरेच्या दारात जायचं. आधी समोरून बघायचं, मग धागा डोळ्याच्या पातळीवर आडवा धरून तिरकं बघायचं. समोरून डेप्थ कळते, तिरकं बघितलं की झाक कळते. एवढं करून ते एक शब्द बोलायचे. “पिवळ्यावर आहे.” किंवा “मळकट झाला.” किंवा नुसतं “सोडा.” ‘सोडा’ म्हणजे उतरवा, लॉट झाला. पन्नास लिटरला किती ग्रॅम लाल टाकायचा हे ते कागदावर न मांडता सांगत, आणि पुढे आमच्याकडे संगणकाचं यंत्र आलं तेव्हा त्याची रेसिपी आणि मास्तरांचा अंदाज यांत बहुतेक वेळा फार अंतर नसायचं. यंत्राला मी कमी लेखत नाही. यंत्र थकत नाही, आणि संध्याकाळी डोळा थकतो. पण ग्राहक ‘आमसुली पाहिजे, वांग्याकडे जाणारा नको’ म्हणतो तेव्हा ते यंत्राला सांगता येत नाही.

माझी मोठी चूक १९८६ सालची. दिवाळीच्या तोंडावर साडीच्या काठासाठी तीनशे किलो सूत आमसुली करायचं होतं. रात्रपाळी, मास्तर गावी. मी ट्यूबलाईटखाली नमुना जुळवला. जुळा भाऊ म्हणावा असा जुळला होता. मीठ टाकलं, साठ अंशांवर आणलं, धुण्याचा सोडा टप्प्याटप्प्याने दिला, तासभर फिरवलं, साबणाच्या उकळत्या पाण्यातून दोनदा काढलं. एकही चूक नाही. सकाळी सात वाजता दारात नेऊन बघितलं तर नमुना आमसुली आणि माझं सूत तांबूस विटकरी. मला घाम फुटला. नमुन्यात जे रंग वापरले होते ते वेगळे आणि मी घेतलेले तीन रंग वेगळे. ट्यूबच्या उजेडात दोन्ही एक दिसतात, उन्हात वेगळे होतात. पुस्तकात याला मेटामेरिझम म्हणतात. तेव्हा मला हा शब्द माहीत नव्हता. बिघडलेला लॉट शेवटी काळ्यात जातो, तसा तोही गेला. तीनशे किलो काळं केलं. साडीवाल्याचा हंगाम हुकला. मास्तर आल्यावर ओरडले नाहीत. त्यांनी ती दोन्ही सुतं एका वहीत चिकटवली, खाली तारीख घातली आणि वही मला दिली.

हे एवढं सांगण्याचं कारण, रंगारी म्हणजे रंग लावणारा मजूर अशी जी समजूत आहे ती किती तोकडी आहे ते दिसावं. आणि घराची भिंत रंगवणाराही नुसता मजूर नसतो. पोपडे कुठवर खरवडायचे, ओल कुठून येते, पुट्टी किती दिवस वाळू द्यायची, दुसरा हात कधी मारायचा, दुकानातल्या कार्डावरचा फिका रंग चार भिंतींवर गेला की गडद वाटणार आहे, हे सगळं चांगल्या रंगाऱ्याला ठाऊक असतं आणि घरमालकाला नसतं. तेव्हा त्याच्याकडून शब्द काढून घ्या असं मी म्हणत नाही. त्याच्यासकट सगळ्यांना तो द्या म्हणतो. सुताचा रंगारी, केसांचा रंगारी, सिनेमाचा रंगारी, घराचा रंगारी. काम कुठलं ते पुढे लावलं की घोटाळा होत नाही.

एक गोष्ट मात्र माझ्या धंद्याच्या बाजूने लपवणार नाही. आमच्या गावात रंगारी शब्दाला आणखी एक डाग आहे, तो नाल्याच्या पाण्याचा. ज्या दिवशी जो लॉट, त्या रंगाचं पाणी पंचगंगेकडे जाताना मी पाहिलं आहे, आणि बरीच वर्षं मी त्यावर काही बोललो नाही. खालच्या गावातली माणसं आम्हाला रंगारी म्हणताना जो सूर लावत तो आम्ही ऐकण्यासारखाच होता. मीठ, सोडा, न चढलेला रंग, हे सगळं पाण्यातून काढूनच पाणी सोडणं हाही रंगाऱ्याच्याच कामाचा भाग आहे. नावाचा मान मागायचा तर हेही केलं पाहिजे.

आता आपल्या उपसंपादकांसाठी दोन व्याकरणाच्या गोष्टी, कारण चार ओळींच्या त्या बातमीतही एक चूक होती. आपण ‘रंगारींना रुग्णालयात दाखल केले’ असं छापलं. व्यवसायाचं नाव असेल तर ‘रंगाऱ्याला’, ‘रंगाऱ्यांना’, ‘रंगाऱ्यांनी’ असंच रूप होतं, जसं अधिकाऱ्यांना, शेतकऱ्यांना, व्यापाऱ्यांनी. ‘रंगारींनी’ हे रूप आडनावाचं. भाऊसाहेब रंगारींनी गणपती बसवला हे बरोबर, पण रंगारींनी भिंत रंगवली म्हटलं की रंगारी आडनावाच्या कुटुंबाने रंगवली असा अर्थ होतो. दुसरं म्हणजे बाईला काय म्हणायचं. ‘रंगारीण’ हा शब्द जुना आहे, पण त्याचा अर्थ बहुधा रंगाऱ्याची बायको असा घेतला जायचा. अधिकारी, कर्मचारी, पुजारी हे शब्द आज पुरुषाला आणि बाईला सारखेच चालतात. ती अधिकारी आहे म्हणतो तसं ती रंगारी आहे म्हणावं. माझ्या पुतणीला हे पटलं आहे. वहिनींना अजून नाही.

रंगांच्या बाबतीत मराठीला कशाचीच वाण नाही. आमसुली, डाळिंबी, करवंदी, अंजिरी, अबोली, गुलबक्षी, श्रीखंडी, मोतिया, तपकिरी, विटकरी, राखाडी, पोपटी. हे सगळे शब्द मास्तरांच्या वहीत सुताच्या बटीखाली लिहिलेले आहेत, आणि त्यातल्या प्रत्येकाची रेसिपी आहे. आता नव्या पोरांच्या शेड कार्डावर नुसते आकडे आणि इंग्रजी नावं असतात. आकडे असावेतच, आकड्याशिवाय दुसऱ्या गावच्या कारखान्यात तोच रंग पुन्हा काढता येत नाही. पण ‘करवंदी’ म्हटल्यावर पिकलेलं करवंद आणि बोटाला लागलेला त्याचा रस डोळ्यांपुढे येतो, तो आकड्याने येत नाही. ज्या भाषेत इतक्या झाकांना नावं आहेत तिच्यात त्या झाका करणाऱ्याला मात्र नाव सापडू नये, आणि ते मथळ्यासाठी नवं जुळवावं लागावं, हे मला पटत नाही. नाव आहे. ते वापरावं.

माझी विनंती एवढीच आहे की त्या तरुणाबद्दल पुन्हा कधी छापायचं झालं तर त्याला ‘चित्रपटांचा रंगारी’ म्हणून बघा. त्याला आधी विचारा. त्याला आवडलं नाही तर माझा आग्रह नाही, पण त्याला माझ्या करड्या पेटीबद्दल जरूर सांगा.

सोबत पाकिटात सुताच्या दोन बटी पांढऱ्या कागदावर चिकटवून पाठवत आहे. १९८६ च्या त्या वहीतल्याच आहेत, अर्ध्या कापून घेतल्या. आपल्या कार्यालयात ट्यूबलाईट असेल तर आधी तिच्याखाली बघाव्यात, आणि मग सकाळी अकराच्या आत खिडकीपाशी नेऊन. ऊन थेट पडू देऊ नये.

आपला नम्र,
एक निवृत्त रंगारी, इचलकरंजी
(नाव व पत्ता संपादकीय विभागासाठी वेगळ्या कागदावर दिला आहे.)